बोटीच्या सिनेमातली हाक

थोरलीने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. सिनेमा दुपारचा, पण हिची घाई अशी, की जणू बोट धक्क्याला लागली आहे आणि ही वेळेवर पोचली नाही तर शिडी वर ओढून घेणार आहेत. तिकिटं कुठे ठेवलीस म्हणून सुनेवर दोनदा डाफरून झालं. दोन्ही वेळा ती थोरलीच्याच पिशवीत निघाली. मुलाची दाढी नीट झाली नाही म्हणून त्या केस पिकलेल्या माणसाला तिने शाळकरी पोरासारखं परत आरशापुढे पिटाळलं. नातीला बजावून झालं, की अंधारात तुझा तो फोन चमकला तर थेट समुद्रात फेकीन, पडद्यावरच्या का होईना.

आणि हे सगळं चालू असताना खिडकीपाशी बसलेली धाकटी पेल्यावर चमचा वाजवत होती.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दोघी एकाच उंबऱ्यातून आत आल्या, एकाच धुलाईच्या कारखान्यात राबल्या, एकीच्या पाठोपाठ एक विधवा झाल्या आणि एकमेकींच्या डोळ्यांदेखत म्हाताऱ्या झाल्या. आदल्या वर्षी धाकटीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुखणं काढलं ते काढलंच, त्याच्याबरोबर तिचा आवाजही नेला. तेव्हापासून ती चमच्याने बोले. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि न थांबता वाजवत राहिली की समजायचं, थोरली खोटं बोलते आहे.

घरातली बाकीची माणसं तिच्याशी हळू, गोड बोलायला लागली होती. आवाज गेला म्हणजे कान गेले आणि अक्कलही गेली, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. थोरलीचं मात्र काही बदललं नव्हतं. वाजव, वाजव, पेला फुटला तर उरलेला तुझ्या डोक्यात घालीन, असं ती पहिल्याइतक्याच जोरात ओरडे, आणि धाकटी पहिल्याइतकीच खूश होऊन आणखी वाजवे.

दोघींचं जुनं भांडण होतं एका हाकेवरून.

त्या तरुण होत्या तेव्हा शहरातल्या स्टुडिओत बोटीचा सिनेमा निघाला होता. गोष्ट खऱ्या बोटीची, पणजोबांच्या काळात बुडालेल्या. माणसांनी गच्च भरलेली ती बोट दाट धुक्यात खडकावर आपटली, आणि तीही किनाऱ्याच्या इतक्या जवळ, की किनाऱ्यावरच्या लोकांना सगळा आक्रोश ऐकू येत होता आणि दिसत मात्र काहीच नव्हतं. होड्या घेऊन निघालेले लोक त्या आवाजांच्या मागे मागे धुक्यात वल्ही मारत राहिले. सिनेमाचा शेवटही तसाच केला होता. बोट जाते, पडदा नुसता पांढरा होतो, सगळे आवाज एकेक करून विझतात, आणि मग धुक्यातून एका बाईची हाक येते. एकच. त्या हाकेवर सिनेमा संपतो. तो सिनेमा पाहून लोक डोळे पुसत बाहेर पडत, आणि घरी गेल्यावर रात्री पोरांना जवळ घेऊन झोपत.

ती हाक माझी, असं थोरली म्हणे. ती हाक माझी, असं धाकटी म्हणे, जोवर तिला म्हणता येत होतं तोवर.

दोघीही अगदीच हवेत बोलत नव्हत्या. धुलाईचा कारखाना स्टुडिओच्या भिंतीला भिंत लागून होता. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे डोंगराएवढ्या येऊन पडत. आत वाफ अशी, की हातभर अंतरावरचं माणूस दिसायचं नाही, आणि यंत्रांची घरघर अशी, की शब्द तोंडातून निघाला की तिथेच मरायचा. म्हणून कारखान्यात बायका शब्दांनी बोलतच नसत. चादरीची घडी दोघींनी घालायची. एकीने हे टोक धरायचं, दुसरीने ते. मध्ये ताठ ओढलेली ओली चादर आणि भोवती वाफ. समोरचीचं तोंडसुद्धा दिसत नाही. आपलं टोक सोडायचं झालं की हाक मारायची. समोरून ओ आली तरच बोटं उघडायची. ओ आली नाही आणि सोडलं, तर चादर ओल्या फरशीवर, म्हणजे परत धुवायला, म्हणजे मुकादमीण आलीच डोळे वटारून.

प्रत्येकीची हाक वेगळी. थोरलीची हाक बोटीच्या भोंग्यासारखी, खालून निघाली की सरळ वर. तिला पाठीमागे सगळे भोंगाच म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. धाकटीची हाक वेगळ्या घडणीची. ती मध्येच तुटे, जणू श्वास अडकला, आणि मग त्या तुटल्या जागेवरून पुन्हा चढे. या दोघी चादरीची जोडी होत्या. घरी बोलणं बंद असलं तरी कारखान्यात हाकेला ओ द्यावीच लागे. कितीदा तरी सकाळचं भांडण दुपारच्या चादरींत विरून गेलं होतं.

तर स्टुडिओतला आवाज भरून घेणारा माणूस एक दिवस कारखान्यात आला. कानांवर कायम दोन डबड्या चढवलेला, म्हणून बायका त्याला कानवाला म्हणत. त्याला बुडणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या हव्या होत्या. नट्या आणून बघितल्या होत्या, पण त्या बुडतानासुद्धा गोड बुडत होत्या. त्याने कारखान्यातल्या बायकांचा गलका भिंतीपलीकडून ऐकला आणि सगळ्यांना उचलून नेलं. ओरडा म्हणाला, वाचवा म्हणून ओरडा. बायका ओरडल्या, पण त्यात काही राम नव्हता. थोरलीने तर त्याला तोंडावर विचारलं, की आम्ही उभ्या जन्मात कोणाला वाचवा म्हटलेलं नाही, आज एकदम कसं जमेल? मग कानवाल्याने युक्ती केली. त्यांना एका मोठ्या फळीवर उभं केलं, काही न सांगता दिवे घालवले आणि त्या काळोखात खालून फळी तिरकी केली.

कानवाल्याला वाटलं होतं, आता किंचाळतील. पण या पडल्या धुलाईवाल्या. पायाखालचं हललं, समोरचं दिसेना, तशी प्रत्येकीने सवयीने आपल्या जोडीदारणीला कारखान्यातली हाक मारली. कोणी हाक मारली, कोणी ओ दिली, सगळा एकच कल्लोळ. थोरलीला त्यातलं एवढंच पक्कं आठवत होतं, की आपण बेंबीच्या देठापासून ओरडलो होतो आणि पुढे चार दिवस घशातून पाणी उतरत नव्हतं. दिवे लागले तेव्हा कानवाला डबड्या हातात घेऊन पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभा होता. जे हवं होतं ते मिळालं, एवढंच म्हणाला. कोणाकडून मिळालं ते म्हणाला नाही.

सिनेमा लागला तेव्हा अख्खा कारखाना बघायला गेला, आणि शेवटची हाक आली तेव्हा प्रत्येक बाई माझी माझी म्हणून उभी राहिली. त्या धुमाळीत हाक कोणी ऐकलीच नाही, आणि दुसऱ्यांदा तिकीट काढण्याएवढे पैसे कोणाकडे नव्हते. पुढे टीव्हीवर तो सिनेमा अधूनमधून लागे, पण रीळ इतकं झिजलेलं, की शेवटच्या जागी तापल्या कढईत पाणी पडावं तसा चर्र आवाज येई आणि त्यात एक क्षीण रेघ. त्या रेघेवर दोघी जावांनी अर्धं आयुष्य भांडण काढलं. कारखाना गेला, बाकीच्या बायका पांगल्या किंवा देवाघरी गेल्या. हक्क सांगायला दोघीच उरल्या.

आणि आता जुने सिनेमे जपणाऱ्या संस्थेतली एक पोरगी घरी येऊन गेली होती. सिनेमाचं मूळ रीळ कुठल्याशा तळघरात सापडलं होतं, ते धुऊनपुसून त्यातला आवाज पहिल्यासारखा लख्ख केला होता. मोठ्या थिएटरात खेळ होता. पोरगी हुशार होती, कोणाकोणाला विचारत इथवर आली होती. शेवटची हाक ज्या बाईंची, त्यांना स्टेजवर बोलावून मान द्यायचा आहे, असं ती सांगत होती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत थोरली म्हणाली होती, मीच ती. धाकटीने पेल्यावर असा चमचा हाणला की तो वाकला. पोरीने गोंधळून तिकडे पाहिलं. थोरली म्हणाली, काही नाही, तिच्या औषधाची वेळ झाली आहे.

तेव्हापासून आजवर खिडकीतला पेला थांबला नव्हता.

थोरलीच्या मनात कपट नव्हतं, हे सांगायला हवं. तिची खात्रीच होती. आज हजार लोकांदेखत ती हाक मोकळी वाजेल, सगळं जग ऐकेल, मुलगा ऐकेल, जो आईच्या आवाजापायी शाळेच्या फाटकात लाजून लाल व्हायचा. आणि धाकटी ऐकेल, आणि तिला एकदाचं कबूल करावं लागेल. त्या कबुलीसाठी थोरली इतकी उतावीळ झाली होती, की तिने डावा बूट उजव्या पायात घातला आणि जिन्यापर्यंत तशीच गेली.

टॅक्सीत पाच जण दाटीने बसले. थोरली पुढे, ड्रायव्हरला रस्ता सांगायला. तो त्याच शहरात जन्मलेला असला तरी. मागे मुलगा, सून, नात आणि खिडकीला धाकटी. धाकटीने येताना चमचा बरोबर घेतला आहे हे सुनेने पाहिलं, पण ती शहाणी बाई, तिने कोणाला सांगितलं नाही.

थिएटरासमोर रांग कोपऱ्याला वळसा घालून गेली होती. दारावर बोटीचं मोठं चित्र, धुराडं तिरकं झालेलं, वर दिव्यांची माळ. थोरलीला वाटलं, छाती फुटते आता. तिकिटं फाडणाऱ्याला तिने सांगितलं, की मी ह्या सिनेमात आहे. त्याने चित्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. कुठे आहात, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, "शेवटपर्यंत बस, मग कळेल. आणि कान साफ करून बस."

पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या होत्या. लाल मखमलीच्या खुर्च्या, हातावर लाकडी पट्टी. धाकटी सुनेच्या पलीकडे जाऊन बसत होती. थोरलीने तिला दंडाला धरून शेजारी बसवलं.

"इथे बस. हरताना तुझं तोंड मला जवळून बघायचंय."

धाकटीने खुर्चीच्या लाकडावर दोनदा चमचा वाजवला.

दिवे गेले आणि पडद्यावर बोट आली. काळीपांढरी, पण एवढी मोठी आणि एवढी स्वच्छ, की पाण्याचा थेंब न् थेंब मोजावा. धक्क्यावर रुमाल हलवणारी माणसं, सामान चढवणारे हमाल, आपल्या मांजराला टोपलीतून चोरून आत नेणारी एक म्हातारी. थोरलीने हा सिनेमा टीव्हीवर इतक्या वेळा पाहिला होता, तरी आज सगळं नवं वाटत होतं. टीव्हीवर ज्या जागी नुसता करडा धब्बा दिसे तिथे आज माणसाचा चेहरा होता. केबिनमधला बिछाना दिसला तशी तिने धाकटीला कोपर मारलं. त्या चादरी त्यांच्याच कारखान्यातल्या होत्या, स्टुडिओने भाड्याने नेलेल्या. काठाची ती दुहेरी शिवण ती झोपेतही ओळखली असती. धाकटीने लाकडावर एकदा वाजवलं. एवढ्यापुरतं दोघींचं एकमत झालं.

मग धुकं आलं. कप्तान शिट्टी द्यायला लावतो, उत्तर येत नाही. स्वयंपाकघरातल्या ओळीने टांगलेल्या कढया सगळ्या एकदम एका बाजूला झुकतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही, फक्त आचारी हातातला पाव खाली ठेवतो. इथे टीव्हीवर जाहिरात यायची. आज जाहिरात नव्हती. आज खडकावर बोट आपटली तो आवाज खुर्चीच्या खालून पोटात शिरला, आणि नातीने आजीचा हात धरला. आजीने तो झटकला नाही.

पुढचं सगळं श्वास रोखून. होड्या पाण्यात सोडताना दोर अडकतो. खालच्या मजल्यावरचे लोक चादरी एकमेकींना बांधून खिडकीतून खाली उतरायला बघतात. थोरली पुटपुटली, की अशी गाठ ओल्या कापडात राहत नाही, सुटणार, आता सुटणार, आणि सुटली तेव्हा मागच्या रांगेतली कोणी बाई ओरडली. मांजराची टोपली घेतलेली म्हातारी होडीत जागा नाकारते. बोटीचं शेपूट वर उचललं जातं. दिवे एक झटका खाऊन जातात. आणि मग ती बोट, एवढी थोरली बोट, घाई न करता खाली जाते.

पडदा पांढरा झाला. माणसांचे आवाज होते, पुष्कळ, धुक्यात कुठे कुठे; त्यात कारखान्यातल्या बायका होत्या, थोरलीने त्यांतल्या दोघीतिघी ओळखल्याही. एकेक आवाज विझत गेला. वल्ह्याचा चुबूक आवाज. मग तोही थांबला.

थोरली ताठ बसली. हनुवटी वर केली. आता.

हाक आली. खालून निघाली, भरदार, वर चढू लागली. थोरलीने धाकटीला कोपर मारायला हात उचललासुद्धा. आणि हाक मध्येच तुटली. श्वास अडकावा तशी. एवढ्या मोठ्या थिएटरात पापणी हलली नाही. आणि त्या तुटल्या जागेवरून ती पुन्हा चढली, बारीक, लांब, धुकं कापत.

"ओ."

हे पडद्यावर झालं नाही. हे पुढच्या रांगेत झालं. थोरलीच्या डोक्याला काही कळायच्या आत तिच्या पोटातून ओ निघाली होती, तीच जुनी, यंत्रांवर मात करणारी, भोंग्यासारखी सरळ. छतापर्यंत गेली आणि परत आली. अख्खं थिएटर दचकलं. नातीच्या हातातला मक्याच्या लाह्यांचा पुडा उडाला. पडद्यावर "समाप्त" आलं ते कोणी वाचलं नाही.

आणि थोरली गोठून बसली. कारण स्वतःच्या हाकेला कोणी ओ देत नाही. ओ देतं ते समोरचं माणूस, चादरीच्या दुसऱ्या टोकाचं.

तिला फळी आठवली. काळोख आठवला. आपण ओरडलो होतो ते खरंच. पण त्याआधी काय ऐकलं होतं, तेही आता आठवलं.

दिवे लागले. मुलगा भारावून वाकला होता आणि सांगत होता, की आई, हुबेहूब, तोच आवाज, एवढ्या वर्षांनी तोच. सून डोळे पुसत होती. मागच्या रांगांतले लोक उठून बघत होते. सगळ्यांचा समज एकच झाला होता: म्हातारीने आपली हाक ओळखली आणि तशीच पुन्हा मारून दाखवली. संस्थेतली पोरगी तर स्टेजवरून टाळ्या वाजवत, फुलांचा गुच्छ सावरत नावाचा पुकारा करायला निघाली होती. एकालाही शंका नव्हती. थोरलीने नुसतं उठून चार पायऱ्या चढायच्या होत्या, बस.

तिने शेजारी पाहिलं. आता चमचा वाजेल, अशी तिने मनाची तयारी केली. पण चमचा मांडीवर पडलेला होता. धाकटी तिच्याकडे बघतच नव्हती. ती पांढऱ्या पडद्याकडे बघत होती, एक हात गळ्यावरच्या रुमालावर ठेवून, आणि तिचे ओठ हलत होते. वर्षभरात तिने स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. तो आत्ता ऐकला होता, तरुण, धडधाकट, आणि तो तिच्यासमोरून निघून गेला होता. भांडायचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

थोरलीला ते सहन झालं नाही. वाजवली असती तर भांडता आलं असतं.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ गं धाकटे, बोलावतायत."

धाकटीने मान हलवून तिच्याकडे बोट केलं: तुला बोलावतायत.

"मला काय करायचंय ते मला शिकवू नको. ऊठ."

तिने जावेला हाताला धरून जवळजवळ ओढतच स्टेजवर नेलं. पोरीने गुच्छ पुढे केला तो थोरलीने घेतला आणि तसाच धाकटीच्या हातात कोंबला. मग माईकपाशी गेली. माईकची तिला गरज नव्हती, हे पहिल्याच शब्दाला सगळ्यांना कळलं.

"हाक हिची आहे. माझी नाही. मी इतकी वर्षं माझी म्हणत होते, ते चुकलं."

पोरीने हळूच विचारलं, की पण आत्ता आम्ही सगळ्यांनी तुमचा आवाज ऐकला.

"ती ओ होती. हाक वेगळी, ओ वेगळी. तेव्हाही हिने हाक मारली आणि मी ओ दिली होती. त्या कानवाल्याने हाक ठेवली आणि माझी ओ कापून टाकली. त्याचं माझं भांडण मी वर गेल्यावर बघून घेईन."

लोक हसले, पण पोरीच्या डोक्यात अजून काही उतरत नव्हतं. मुलगा खाली तोंड उघडं ठेवून उभा. थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. स्टेजवर एक लांब टेबल होतं, त्यावर पांढरं कापड आणि पाण्याच्या बाटल्या. तिने बाटल्या उचलून पोरीच्या हातात दिल्या, कापड एका झटक्यात ओढलं आणि एक टोक धाकटीकडे फेकलं. धाकटीने गुच्छ टेबलावर टाकून ते हवेतच झेललं. हात विसरले नव्हते.

दोघी मागे मागे गेल्या. कापड ताठ झालं. खांद्याशी धरलं, झटकलं, त्याचा फटका थिएटरभर वाजला. लांबीत दुमडलं, पुन्हा ओढलं. धाकटीने टोक तोंडापर्यंत उचललं तशी थोरलीला ती दिसेनाशी झाली. समोर नुसतं पांढरं. खाली बसलेल्या लोकांना मात्र बाजूने धाकटी दिसत होती. तिने मान थोडी वर केली. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. आवाज काही आला नाही.

"ओ," कापडाच्या अलीकडून थोरली म्हणाली.

धाकटीने बोटं उघडली. कापडाचं टोक सुटलं, आणि फरशीला लागायच्या आत थोरलीने ते गोळा करून घेतलं.

थिएटरात असा काही कल्लोळ उठला, की वरच्या दिव्यांची काच किणकिणली. लोक उभे राहिले. सून रडत होती आणि हसत होती, नात शिट्टी मारत होती, आणि मुलगा, तो फाटकात लाजणारा मुलगा, सगळ्यांना सांगत सुटला होता, की ती ओ देणारी माझी आई, आणि ती हाक मारणारी माझी काकू. धाकटी गुच्छ पुन्हा उचलून छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत ती जुनी, भांडखोर चमक परत आली होती. थोरलीने ती पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मॅनेजर धावत वर आला. मोठा अदबशीर माणूस, गळ्याला टाय, डोळे ओले. दोघींना वाकून म्हणाला, की उद्याही खेळ आहे, तुम्ही याल का? थोरलीने घडी केलेलं कापड त्याच्या हातावर ठेवलं.

"येऊ की. तुमच्या सिनेमात हाकेला ओ नाही, ती देऊन जाईन. आणि हे कापड कुठे धुता? साबण नीट निघालेला नाही, काठ पिवळा पडलाय. आमच्या वेळी असं कापड आम्ही दारातून परत पाठवलं असतं."

परत जाताना टॅक्सीत पुढे बसायचा मान थोरलीने धाकटीला दिला, आणि मग वाटभर मागून ड्रायव्हरला रस्ता सांगितला. सगळे दमले होते आणि सगळ्यांना हसू येत होतं. गुच्छातल्या फुलांचा वास गाडीभर झाला होता. अर्ध्या वाटेवर थोरलीने घसा खाकरला. तसं पाहिलं तर, ती म्हणाली, कानवाल्याने माझी ओ का कापली असेल ते मला आता कळलं. ती ठेवली असती तर हिची हाक कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

पुढच्या सीटवर हालचाल झाली. धाकटीने चमचा काढला, पेला जवळ नव्हता म्हणून खिडकीची काच गाठली, आणि घर येईपर्यंत ती वाजवत राहिली. ड्रायव्हर म्हणाला, आजीबाई, काच फुटेल.

"फुटू दे," मागून थोरली म्हणाली. "माझ्याशी बोलतेय ती."